जखमेचं माप घेणारे दोड्डप्पा

माझ्या दोड्डप्पांनी उभ्या आयुष्यात कुणालाही खोटं माप सांगितलं नाही, आणि त्यामुळे अख्ख्या चिक्कपेठेत त्यांचे मित्र थोडे आणि त्यांनी शिवलेले कोट पुष्कळ होते. दोड्डप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमच्या घरात बोलणं मराठी, पण त्यांना काका म्हणायचं कुणाच्या जिभेला कधी सुचलं नाही. तीनशे वर्षं कानडी शेजारात काढल्यावर काही नाती त्या भाषेत गेली ती गेलीच. आमचे पूर्वज मराठी फौजेच्या मागून तंबू शिवत बेंगळुरात आले, असं ते सांगत. फौज पुढे गेली, काही तंबू दुरुस्तीला पडलेले होते म्हणून आम्ही मागे राहिलो, आणि ते तंबू न्यायला अजून कुणी आलेलं नाही, हे ते इतक्या गंभीरपणे सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, दुकानाच्या माळ्यावर ते अजून घड्या घालून ठेवलेले असतील.

उंच, किडकिडीत, डोक्याला काळी टोपी आणि गळ्यात टेप. हा टेप ते आंघोळीपुरताच उतरवत. दुकानाच्या भिंतीवर त्यांनी एक पितळी पट्टी ठोकून घेतली होती, आणि रोज सकाळी उदबत्ती लावून झाली की टेप त्या पट्टीला लावून पाहत. "कापडी टेप माणसासारखा असतो," ते म्हणत, "रोज कुणी ना कुणी ओढतं, मग तो हळूहळू खोटं बोलायला लागतो." टेप दोऱ्याएवढा जरी वाढलेला दिसला तरी तो त्या दिवशी बाद होई, आणि आमच्या घरातल्या सगळ्या मुलींच्या परकरांच्या नाड्या अशा निवृत्त टेपांच्या असत. एका नामांकित वकिलांनी एकदा पोट आत ओढून धरलं आणि "अडतीस लिहा" म्हणून हुकूम सोडला. दोड्डप्पा टेप धरून तसेच उभे राहिले. दोघंही थांबले. शेवटी वकिलांना श्वास सोडावाच लागला, तेव्हा दोड्डप्पांनी वहीत बेचाळीस लिहिलं आणि शांतपणे म्हणाले, "कोट तुमच्या पोटावर बसवायचा आहे साहेब, तुमच्या मनावर नाही." वकील तरातरा निघून गेले. पंधरा दिवसांनी कोट न्यायला स्वतः आले, आणि पुढं जज्ज झाले तेव्हाही त्यांचे कोट दोड्डप्पांकडेच होत. फक्त माप घेताना ते छताकडे बघत.

लग्नकार्यात नातेवाईक त्यांना टाळत, कारण दोड्डप्पा कुणालाही "कसं काय, बरं आहे?" असं विचारत नसत. ते एकदा नीट पाहत आणि म्हणत, "मागच्या वेळी चौतीस होतात." पण याच नजरेनं त्यांनी मला नवरा निवडून दिला, तेव्हा तिच्याबद्दल वाईट बोलायचा मला अधिकार नाही. मला पाहायला आलेल्या मुलाला घरातल्या सगळ्यांनी नोकरीबद्दल विचारलं. दोड्डप्पा त्याला नुसत्या नजरेनं मापत बसले. मंडळी गेल्यावर वडिलांना म्हणाले, "उजवा खांदा अर्धा इंच खाली आहे. म्हणजे बाजाराची पिशवी स्वतः उचलतो. देऊन टाक मुलगी." आणि शेजारच्या गल्लीतले एक गृहस्थ गेले, त्यांच्या बायकोचं रडणं कुणाच्यानं थांबेना, तेव्हा दोड्डप्पा मापाची जुनी वही घेऊन गेले आणि तिच्यासमोर बसून म्हणाले, "अक्का, तुमच्या लग्नातल्या कोटाच्या वेळी यांची छाती छत्तीस होती. श्वास घेतला की अडतीस." ती बाई रडायची थांबली आणि "परत एकदा वाचा," म्हणाली. त्या वहीतलं ते पान फाडून त्यांनी तिला दिलं. वहीतलं पान फाडताना मी त्यांना तेवढं एकदाच पाहिलं.

अशा माणसाचा आणि वैद्यकाचा संबंध आला तो माझ्यामुळे, हे मी आजही थोडं मान ताठ करून सांगते. एकोणीसशे साठनंतरच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मी एका दवाखान्यात त्वचाविभागात टायपिस्ट होते, आणि तिथल्या डॉक्टरांचे पांढरे कोट दोड्डप्पा शिवत. आमचे डॉक्टर परदेशातून नुकतेच परत आलेले, वयानं लहान, उत्साहानं त्याहून लहान. शहरातल्या एका विज्ञानसंस्थेतल्या मित्राकडून त्यांनी थोड्या मुदतीसाठी एक लांबट पेटी आणली होती. तिच्या टोकातून लाल प्रकाशाची एक बारीक रेघ निघे आणि समोर पडली की कुंकवाच्या टिकलीएवढी दिसे. ती भाजत नसे, कापत नसे, हातावर घेतली तर ऊनसुद्धा लागत नसे. परदेशात कुणी डॉक्टर असा सौम्य प्रकाश न भरणाऱ्या जखमांवर पाडून पाहत आहेत, असं आमच्या डॉक्टरांनी वाचलं होतं, आणि तेव्हापासून त्यांची झोप उडाली होती. दवाखान्यातले वडीलधारे डॉक्टर त्या पेटीला "नाटकातला दिवा" म्हणत. दोड्डप्पांनी तिचं नाव माझ्याकडून ऐकलं तेव्हा त्यांचा वेगळाच समज झाला. "लेझर? म्हणजे लेस लावायचं मशीन का ग?"

ज्यांच्यावर हा प्रयोग चालायचा होता ते देवनहळ्ळीचे एक गौडा होते. चकोतऱ्याच्या, म्हणजे पपनसाच्या, बागेचे मालक, साठीचे, भारदस्त मिशांचे. दोन्ही नडग्यांवर घोट्याच्या वर तळहाताएवढी एकेक जखम, सहा वर्षं झाली तरी न भरणारी. बागेत जाता येत नाही म्हणून ते खाटेवर बसून मोठ्यानं हाका मारून बाग चालवत. डॉक्टरांचा बेत साधा होता: मलमपट्टी दोन्ही पायांना सारखी, लाल प्रकाश मात्र एकाच पायावर, आणि दर शनिवारी दोन्ही जखमा मोजायच्या. पहिल्या शनिवारी नवे कोट घेऊन दोड्डप्पा आले, तेव्हा सिस्टर लाकडी फूटपट्टी धरून जखमेची लांबी आणि रुंदी सांगत होत्या आणि मी लिहून घेत होते. दोड्डप्पा कोट हातात धरून दारात उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर ते दुःख मला स्पष्ट दिसलं, जे वाकडी शिवण पाहिल्यावर येई.

"डॉक्टर, स्वल्प बोलू का?" ते म्हणाले. "जखमेला लांबी-रुंदी नसते. ती काय चादर आहे? जखमेला घेर असतो, बगल असते, गळा असतो. असं मोजलंत तर कडेनं भरत आलेली जखम तुम्हाला कधी दिसायचीच नाही."

सिस्टर रागावल्या. डॉक्टर मात्र थांबले. "मग तुम्ही कसं मोजाल?"

दोड्डप्पांनी मोजून दाखवलं. जुन्या एक्स-रेची काळी फिल्म धुऊन काढली की काचेसारखी पारदर्शक होते. अशी स्वच्छ फिल्म सिस्टरांनी जखमेवर अलगद धरायची, आणि दोड्डप्पांनी वरून बारीक शाईनं कड गिरवायची. मग ती आकृती जाड कागदावर उतरवून कात्रीनं कापायची आणि तो तुकडा कंपाउंडरच्या औषधी तराजूत तोलायचा. कागद एकसारखा असला की तुकड्याचं वजन हेच जखमेचं माप. कापड किती गेलं हे शिंपी असंच ओळखतो, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टर आनंदानं खुर्चीवरून उठले. गौडा मिशीतल्या मिशीत हसून म्हणाले, "टेलरण्णा, माझ्या जखमेला एक सदराही शिवून टाका."

"शिवू. आधी ती तुमची राहील की नाही ते तर बघू," दोड्डप्पा म्हणाले.

दर शनिवारी दुपारी यायचं ठरलं. डॉक्टर त्यांना सांगायला लागले, की प्रकाश अमुक पायावर... तोच दोड्डप्पांनी हात वर केला. "मला सांगू नका."

"का?"

"कारागिरांचं काम तपासताना कुणी शिवलं ते मी विचारत नाही. नाव कळलं की तिरकी शिवणसुद्धा सरळ दिसते."

डॉक्टरांनी सांगणं तिथंच थांबवलं. पुढं मला म्हणाले, की मोठमोठ्या इस्पितळांतून जी खबरदारी घेतात ती या माणसानं चिक्कपेठेत बसून एकट्यानं शोधून काढली आहे. त्या दिवसापासून दोड्डप्पा यायच्या आधी पेटीवर चादर पडे. गौडांना पायांबद्दल एक अक्षर बोलायची मनाई झाली, तेव्हा ते फक्त चकोतऱ्यांबद्दल बोलत, आणि इतकं बोलत की दहा आठवड्यांत दोड्डप्पांना त्या फळाची सगळी वंशावळ पाठ झाली. प्रकाश डाव्या पायावर पडतो हे मला ठाऊक होतं, कारण तक्ता मीच टाइप करत असे. घरी जेवताना दोड्डप्पा माझ्या तोंडाकडे बघून म्हणत, "तू पोरी खाली बघून जेव. तुझ्या चेहऱ्यावरसुद्धा अक्षरं उमटतात."

पाच आठवडे दोन्ही जखमा थोड्याथोड्या आकसत गेल्या, डावी किंचित जास्त. आणि सहाव्या आठवड्यात डाव्या पायाचा आकडा एकदम घसरला. पुढं घसरतच राहिला. डॉक्टर वऱ्हांड्यातून गुणगुणत चालू लागले. पाच आठवडे शरीर प्रकाश साठवतं आणि सहाव्यात एकदम कामाला लागतं, असा सिद्धान्त त्यांनी मांडला, आणि त्याचं शीर्षक मला चार वेळा टाइप करायला लावलं. दहाव्या आठवड्यानंतर सोमवारी संध्याकाळी शहरातल्या डॉक्टरांची सभा होती. पेटी परत मागायला संस्थेतून निरोप येत होते. सभेत मंडळींची खात्री पटली, तर ती आणखी वर्षभर मिळणार होती. नाटकातला दिवा म्हणणारे सगळे तिथं पुढच्या रांगेत बसणार होते.

त्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी मी दुकानात गेले. सभेत दाखवायला म्हणून दोड्डप्पा कागदाचे सगळे तुकडे काळ्या अस्तराच्या कापडावर ओळीनं मांडत बसले होते. "स्वल्प इकडे ये," ते म्हणाले आणि दोन तुकडे माझ्यापुढं ठेवले. "मोठा कोणता?"

"दोन्ही सारखेच की."

"आता वहीत बघ."

वहीत एक चांगलाच हलका होता. एक तुकडा डाव्या पायाचा, सहाव्या आठवड्यातला. दुसरा उजव्याचा, आठव्यातला. डोळ्याला सारखे, तराजूला वेगळे. दोड्डप्पांनी डोळे मिटले आणि दोन्ही तुकडे आळीपाळीनं चिमटीत घेऊन चोळले. तुकड्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून त्यांनी दोन पायांसाठी कागदाचे दोन वेगळे गठ्ठे ठेवले होते. पाचव्या आठवड्यानंतर डाव्या पायाचा गठ्ठा संपला, आणि त्यांनी अव्हेन्यू रोडवरून नवा आणला. रंग तोच, आकार तोच. पण नवा कागद पातळ होता. डाव्या पायाची जखम एकदम घसरली नव्हती. कागद घसरला होता.

"मी चुकलो," दोड्डप्पा म्हणाले. हे दोन शब्द त्या दुकानात आधी कधी उच्चारले गेलेच नव्हते. मागच्या घरातून दोड्डम्मा, म्हणजे त्यांची बायको, हातातलं पीठ तसंच घेऊन धावत बाहेर आल्या आणि त्यांनी मला विचारलं, "कोण गेलं ग?"

रविवारी सकाळी आम्ही डॉक्टरांच्या घरी गेलो. ते ओसरीवर उभे राहून भाषणाचा सराव करत होते. दोड्डप्पांनी टोपी काढली नाही, खुर्ची घेतली नाही, दोन्ही तुकडे त्यांच्या हातावर ठेवले आणि जे झालं ते चार वाक्यांत सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा उतरत गेला तशी मी दोड्डप्पांच्या मागं सरकत गेले. माझी नोकरी डॉक्टरांच्या हाताखालची होती.

"सभा उद्या आहे, हे माहीत आहे ना तुम्हाला?" डॉक्टर म्हणाले.

"माहीत आहे. म्हणून आज आलो. परवा आलो असतो तर तुम्ही बोलून बसला असता."

"आणि हे तुम्ही सांगितलं नसतं तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही," दोड्डप्पा म्हणाले. "म्हणून तर मलाच सांगायला पाहिजे."

डॉक्टर आत निघून गेले. दार त्यांनी जोरात लावलं. आम्ही ओसरीवर उभे. त्यांच्या आई कॉफी घेऊन आल्या, आमच्याकडे आणि दाराकडे बघून काही न विचारता पेले ठेवून गेल्या. कॉफी निवली तेव्हा डॉक्टर बाहेर आले. त्यांच्या हातात सगळ्या फिल्मांचा गठ्ठा होता. त्या त्यांनी घरीच जपून ठेवल्या होत्या. "चला, बसा," ते म्हणाले. "तराजू मी घेऊन येतो."

जेवणाच्या टेबलावर दोड्डप्पांनी वीसच्या वीस आकृत्या एकाच गठ्ठ्यातल्या कागदावर पुन्हा उतरवल्या आणि पुन्हा कापल्या. डॉक्टर स्वतः तोलत होते, मी लिहीत होते. दुपारपर्यंत नवा तक्ता झाला. डावा पाय पुढं होता, पण दुपटीनं वगैरे नाही. दहाव्या आठवड्याला डावी जखम चिंचोक्याएवढी, उजवी अंगठ्याच्या नखाएवढी. फरक एवढाच. डॉक्टरांनी सिद्धान्ताची दोन पानं काढली, मधोमध आडवी रेघ मारली, आणि पहिल्यांदा हसले. "सहाव्या आठवड्याचं मी किती सुंदर कारण शोधलं होतं हो," ते म्हणाले.

सोमवारी सभेत आम्ही दोघं शेवटच्या रांगेत. दोड्डप्पांनी स्वतःच्या लग्नातला काळा कोट घातला होता आणि तो त्यांना अजून होत होता. डॉक्टरांनी सगळं सांगितलं. एकच रोगी, दोन पाय, थोडा फरक. प्रकाशानं झाला की आपोआप, हे अजून म्हणता येत नाही. आधीच्या तक्त्यात चूक होती हेही सांगितलं, आणि ती मोजणाऱ्यानंच शोधली हेही. पुढच्या रांगेत थोडी खसखस पिकली. एक म्हातारे सर्जन उठले. ते कधी कुणाचं कौतुक करत नसत, म्हणून मी घट्ट डोळे मिटले. ते म्हणाले, "दिव्याचं मला काही कळलं नाही. पण जखमा अशा मोजायला आपल्याकडे कुणी शिकवलं नव्हतं. मोजलं कुणी?"

"आमचे कोट शिवतात ते," डॉक्टर म्हणाले. "ते मागे बसले आहेत."

सगळ्या सभेनं वळून पाहिलं. दोड्डप्पा उठून उभे राहिले, नमस्कार केला. सर्जनांनी विचारलं, "तुमच्या मापात चूक किती राहते?"

"चूक होती ती डॉक्टरांनी सांगितली, साहेब," दोड्डप्पा म्हणाले. "अजून सापडेल ती मी येऊन सांगेन."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तसली ती सभा नव्हती. पण म्हाताऱ्या सर्जनांनी मान लववली, आणि ती शेवटच्या रांगेकडे बघून लववली होती. माझ्या लग्नात मला जेवढा आनंद झाला नाही तेवढा मला त्या क्षणी झाला. माझे दोड्डप्पा, असं मला शेजारच्या अनोळखी डॉक्टराला कोपरानं ढोसून सांगावंसं वाटलं. सांगितलंच.

पेटी पुढच्याच आठवड्यात परत गेली. डॉक्टरांनी ती दोनदा पुन्हा मागितली, पण मिळाली नाही. गौडांचे दोन्ही पाय आणखी महिनाभरात भरले आणि ते बागेत चालत जाऊन मजुरांवर जवळून ओरडू लागले. त्यांच्या लेखी श्रेय दिव्याचं आणि डॉक्टरांच्या लेखी ते अजून ठरायचं होतं. दवाखान्यात मात्र जखमा त्यानंतर फिल्मवर गिरवूनच मोजल्या जाऊ लागल्या. फूटपट्टीवाल्या सिस्टरच नव्या मुलींना ते शिकवत, आणि कागद घेताना आधी चिमटीत चोळून बघा म्हणून सांगत.

सभेहून घरी परत येताना आम्ही चालतच आलो. मार्केटजवळ आल्यावर दोड्डप्पा म्हणाले, "दिवा डाव्या पायावर पडतो हे मला तिसऱ्या आठवड्यातच कळलं होतं."

मी थांबलेच. "कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. गौडा डावा पाय पुढं करताना हसायचे, उजवा करताना नाही." ते चालत राहिले. "कळलं म्हणून काही मी हात वाकडा केला नाही. रेघ सरळच मारली. पण कागद पातळ होता हे माझ्या बोटांना पाच आठवडे कसं कळलं नाही? चाळीस वर्षं कापड चिमटीत धरतोय. मलमल कुठल्या गिरणीची ते अंधारात सांगतो. मग विचार केला, आणि सापडलं. मलाही तो पाय बरा व्हायला हवा होता ग. माणसाला एखादी गोष्ट फार हवी असली, की बोटंसुद्धा ऐकतात त्याचं."

मी म्हटलं, "तुम्ही आज सगळ्यांत उंच दिसत होतात."

"पाच फूट साडेनऊ," दोड्डप्पा म्हणाले. "पूर्वी दहा होतो."

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी निवृत्त झाले, चिक्कपेठेतल्या त्या दुकानात आता दुसरं काहीतरी विकतात. लाल प्रकाशानं जखमा खरंच लवकर भरतात का, हे मी नंतर दोनचार डॉक्टरांना विचारलं. कुणी हो म्हणालं, कुणी नाही, कुणी अजून बघतोय म्हणालं. मला त्यातल्या तिसऱ्यांचं बोलणं आवडतं. अशा माणसाशी बोलताना मला उगीचच वाटतं, की हा थोडा वेळ आणखी थांबला तर बरं होईल, आणि मी त्याला पुन्हा कॉफी विचारते.